नऊ वर्षांचं मूल ओळखायचं कसं?

आमच्या घरात वडील, थोरले काका आणि आत्या या तिघांचाही वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेलच. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी जन्मतारीख विचारली. आजी म्हणाली, "मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली, श्रावणात." मास्तरांनी पोराकडे एकदा खालून वर पाहिलं आणि शाळा ज्या महिन्यात सुरू होते त्याची पहिली तारीख लिहून टाकली. पुढे नोकरी, बढती, निवृत्ती, पेन्शन सगळं त्या एका नजरेवर चाललं.

बालमजुरीच्या पहिल्या कायद्यांबद्दल वाचताना मला सारखी ती नजर आठवते. "नऊ वर्षांखालच्या मुलाला गिरणीत कामाला लावू नये" हे वाक्य कागदावर लिहायला एक ओळ पुरते. पण समोर उभं असलेलं पोर नऊचं आहे की सातचं, हे ठरवायचं कुणी? आणि आई, बाप, मालक, मुकादम आणि स्वतः ते पोर, सगळेच "नऊचंच आहे" म्हणत असतील तर?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात अर्धशतकभर चघळला गेला. तिथल्या चुका आणि दुरुस्त्या समजून घेतल्या की कायदा करणं आणि कायदा चालवणं यांतलं अंतर डोळ्यांना दिसतं. पुढे तोच प्रश्न मुंबईच्या गिरण्यांपाशी आला, म्हणून हा इतिहास आपल्याला अगदी परका नाही.

आधी ही मुलं गिरणीत करत काय होती ते पाहू. सूत काढायच्या म्यूल नावाच्या यंत्राला शेकडो चात्या असत आणि त्याचा एक भाग चाकांवर सारखा पुढे-मागे सरकत असे. सरकताना धागे तुटत. तुटलेले धागे बोटांनी पिळून पुन्हा सांधायचे, हे एका मुलाचं काम. यंत्राखाली कापसाची फुसफूस साचत असे, ती यंत्र चालू असताना खाली सरपटत जाऊन झाडायची, हे त्याहून लहान मुलाचं काम. अंग लहान आणि बोटं बारीक म्हणूनच मूल हवं असायचं. शिवाय मजुरी मोठ्या माणसाच्या मानाने अगदीच थोडी.

पहिला कायदा १८०२ सालचा. तो पार्लमेंटमध्ये आणणारे थोरले सर रॉबर्ट पील स्वतः गिरणीमालक होते. त्या काळी अनाथालयांतून आणि गरीबखान्यांतून मुलं गाड्या भरभरून गिरण्यांकडे पाठवत. तिथेच राहायचं, तिथेच खायचं, तिथेच राबायचं. अशा उमेदवार (म्हणजे काम शिकायला म्हणून गिरणीला बांधून दिलेल्या) मुलांना दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त राबवू नये, रात्रपाळी बंद करावी, वर्षाला कपड्यांचा एक जोड द्यावा, भिंतींना वर्षातून दोनदा चुना द्यावा, एका बिछान्यात दोनपेक्षा जास्त मुलं झोपवू नयेत, असं त्यात लिहिलं होतं. (ही शेवटची अट कायद्यात घालावी लागली, यावरून आधी काय चालत असेल याची कल्पना करा.)

देखरेखीसाठी काय सोय होती? जिल्ह्यातल्या मॅजिस्ट्रेटांनी दरवर्षी दोन पाहुणे नेमायचे, एक मॅजिस्ट्रेट आणि एक पाद्री. पगार नाही, हाताखाली माणूस नाही. त्यांनी सवडीने गिरणीत जायचं आणि काय दिसलं ते कळवायचं. आता तो मॅजिस्ट्रेट आणि तो मालक एकाच गावात राहणारे, रविवारी एकाच चर्चमध्ये बसणारे. कित्येक ठिकाणी पाहुणे नेमलेच गेले नाहीत, आणि जिथे नेमले तिथे ते फारसे फिरकले नाहीत. शिवाय कायदा फक्त उमेदवार मुलांपुरता होता. आईबापांच्या घरात राहून सकाळी गिरणीत जाणारं मूल त्यात बसतच नव्हतं. वाफेची यंत्रं आल्यावर गिरण्या नदीकाठ सोडून शहरांत आल्या आणि तिथे अशीच घरची मुलं मिळू लागली. म्हणजे ज्यांच्यासाठी कायदा केला ती मुलं कमी होत गेली, आणि ज्यांची संख्या वाढली त्यांना कायदाच नव्हता.

१८१९ च्या कायद्याने सुती गिरण्यांतल्या सगळ्याच मुलांना छत्राखाली घेतलं. नऊ वर्षांखाली बंदी, नऊ ते सोळा वयाला दिवसाला १२ तास. त्याआधी सुधारक गिरणीमालक रॉबर्ट ओवेन यांनी जो मसुदा पुढे केला होता त्यात पगारी निरीक्षक होते. चार वर्षांच्या वादावादीत ते निरीक्षक गळून पडले. राहिलं काय? तक्रार आली तर मॅजिस्ट्रेटने ऐकायची. तक्रार करणार कोण? ज्याची नोकरी जायची तो मजूर. त्याच्या पोराचं नाव हजेरीपटातून उडालं की संध्याकाळच्या भाकरीचा प्रश्न. १८२५ साली एक दुरुस्ती झाली की गिरणीमालकाने, त्याच्या बापाने किंवा मुलाने असा खटला चालवायला बसू नये. १८३१ साली त्या यादीत भाऊही घातला. भाऊ आठवायला सहा वर्षं लागली. मेहुणा, व्याही, भागीदार हे बाहेरच राहिले.

मग १८३० च्या शरदात यॉर्कशायरमध्ये रिचर्ड ओस्टलर नावाच्या गृहस्थाने वर्तमानपत्रात एक जळजळीत पत्र लिहिलं. वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी अश्रू ढाळणाऱ्यांनो, आपल्याच गावातल्या लोकरीच्या गिरण्यांतली मुलं बघा, असा त्याचा रोख होता. १८३२ मध्ये खासदार मायकेल सॅडलर यांच्या संसदीय समितीपुढे साक्षी झाल्या. लीड्सच्या एलिझाबेथ बेंटली या तेवीस वर्षांच्या बाईने सांगितलं की ती सहाव्या वर्षी तागासारख्या फ्लॅक्सच्या गिरणीत लागली, आणि काम जोरात असलं की पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत उभी असे. जेवायला दुपारी चाळीस मिनिटं. तिच्या पाठीची ठेवण त्या कामाने कायमची बिघडली होती. मालकांनी ओरड केली की ही एकतर्फी साक्ष आहे. सरकारने आणखी एक आयोग नेमला, त्यात समाजसुधारक एडविन चॅडविक होते, आणि या दुसऱ्या चौकशीतून १८३३ चा कायदा बाहेर आला.

हा कायदा नीट पाहायला हवा, कारण गाडा खऱ्या अर्थाने इथे हलला. रेशमाच्या गिरण्या सोडून बाकी कापडधंद्यात नऊ वर्षांखाली बंदी. नऊ ते तेरा वयाला दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. तेरा ते अठराला दिवसाला १२. अठराखाली रात्रपाळी नाही. नऊ ते तेराच्या मुलांना रोज दोन तास शाळा. आणि पहिल्यांदाच, सरकारने नेमलेले, सरकारकडून पगार घेणारे चार निरीक्षक.

चार. आणि कापडगिरण्या तीन हजारांच्या आसपास. रेल्वेचं जाळं अजून विणलं जायचं होतं, तेव्हा हा प्रवास घोडागाडीचा. चौघांची नावं नोंदवण्यासारखी आहेत: लेनर्ड हॉर्नर, थॉमस जोन्स हॉवेल, रॉबर्ट सॉन्डर्स आणि रॉबर्ट रिकार्ड्स. यांतले रिकार्ड्स पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारच्या चाकरीत होते. म्हणजे जगातल्या पहिल्या पगारी कारखाना निरीक्षकांपैकी एकाने मुंबई पाहिलेली होती, तीही इथे एकसुद्धा गिरणी नसताना. लँकेशायर-यॉर्कशायरचा सगळ्यात अवघड पट्टा त्यांच्या वाट्याला आला आणि १८३६ साली तब्येतीने ते थकले. त्यांचा मुलूख हॉर्नर यांच्याकडे गेला. हॉर्नर हे भूगर्भशास्त्राचे अभ्यासक. दगडांचे थर वाचायची सवय असलेला हा माणूस १८५९ पर्यंत गिरण्यांचे थर वाचत राहिला. कार्ल मार्क्सनेही लिहून ठेवलं आहे की इंग्लंडच्या कामगारवर्गावर या माणसाचे कायमचे उपकार आहेत.

आता मुख्य कोड्याकडे येऊ, वयाच्या.

इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ रोजी. त्याआधी चर्चमध्ये नामकरणाची नोंद होई, पण ती जन्माची नव्हे. काही मुलं पाच वर्षांची झाल्यावर चर्चमध्ये नेली जात, काही कधीच नाही. बरेच मजूर दुसऱ्या पंथाचे, त्यांची वही निराळी. आयर्लंडहून आलेल्या कुटुंबांची वही समुद्रापलीकडे. हिशोब करून पाहा: ज्या दिवशी नोंदणी सुरू झाली त्या दिवशी जन्मलेलं मूल नऊ वर्षांचं होणार १८४६ मध्ये आणि तेरा वर्षांचं १८५० मध्ये. कायदा मात्र १८३३ पासून लागू. म्हणजे वयावर उभा असलेला कायदा वयाच्या कागदाशिवाय दीड दशक चालवायचा होता. आणि १८३७ नंतरही नोंद न करणाऱ्या आईबापांना दंड नव्हता, तो आला १८७० च्या दशकात.

म्हणून कायद्याने डॉक्टर मधे घातला. डॉक्टरने दाखला द्यायचा की या मुलाची शक्ती आणि दिसणं साधारण नऊ वर्षांच्या मुलासारखं आहे. शब्द नीट वाचा. हा दाखला वयाचा नव्हता. तो होता दिसण्याचा. आमच्या मास्तरांची नजर, फक्त डॉक्टरच्या सहीने.

या दाखल्याभोवती जे घडलं ते सांगताना मला कुणा एकाला दोषी ठरवावंसं वाटत नाही, कारण त्यात आईचा हात सगळ्यात पुढे होता. धाकट्याला दाखला हवा असेल तर थोरल्याला डॉक्टरपुढे उभं करायचं. एकाचा दाखला दुसऱ्याने वापरायचा. दाखले विकले जात, उसने दिले जात. कायद्याने कोणताही डॉक्टर चालत असल्याने मालक सोयीचा डॉक्टर शोधत. चार शिलिंगांनी ज्या घरात चूल पेटायची त्या घरातल्या आईला कायदा हे नव्याने आलेलं संकट वाटलं, आणि तिला तसं वाटण्यात काही गैर नव्हतं. मुलाची मजुरी बंद झाली तर तेवढी भर कोण घालणार, याचं उत्तर त्या कायद्यात कुठेच नव्हतं. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी उणीव हीच.

निरीक्षकांनी नजरेऐवजी मोजपट्टी आणून पाहिली. हॉर्नर यांनी हजारो मुलांची उंची मोजवून घेतली, की अमुक उंचीखाली नऊचा दाखला नको, तमुक उंचीखाली तेराचा नको. कल्पना चांगली होती. अडचण अशी की उंची पोटावर अवलंबून असते. पोटभर खाणारा शेतकऱ्याचा आठ वर्षांचा मुलगा गिरणी मजुराच्या दहा वर्षांच्या मुलाशेजारी उंच दिसायचा. मोजपट्टीत धडधाकट लहान मूल आत येई आणि उपाशी मोठं मूल बाहेर राही.

मग १८३७ साली एडविन सॉन्डर्स नावाचा एक तरुण दंतवैद्य पुढे आला. (निरीक्षक सॉन्डर्स वेगळे.) त्याने हजारावर मुलांचे दात तपासून पार्लमेंटपुढे मांडलं की उंचीपेक्षा दात जास्त खरं बोलतात. दुधाचे दात पडून पक्के येण्याचा क्रम गरिबाघरी आणि श्रीमंताघरी जवळपास सारखा असतो. नऊच्या आसपास पुढचे पक्के दात आलेले असतात. आणि सगळ्यात मागे, बारा-तेराच्या सुमारास, दुसरी पक्की दाढ हिरडीतून वर येते. तेव्हा तेराचा दाखला मागणाऱ्या मुलाला तोंड उघडायला सांगा आणि दाढ बघा. घोडा विकत घेताना दात बघतात, तसं. ही तुलना करताना मनाला लागतं, पण त्या मुलाच्या बाजूने खरं सांगू शकणारी एकच गोष्ट त्याच्या स्वतःच्या तोंडात होती. आईबापांना ती बदलता येत नव्हती आणि मालकाला विकत घेता येत नव्हती.

वयाखालोखाल दुसरं भांडण घड्याळाचं.

गिरणीतलं घड्याळ मालकाचं. सकाळी ते पुढे करायचं, संध्याकाळी मागे, जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटं इकडून आणि पाच तिकडून खायची, अशा तक्रारी कामगारांनी वारंवार केल्या. मॅकल्सफील्डच्या पार्क ग्रीन गिरणीत तर दोन तबकड्यांचं घड्याळ होतं. एक तबकडी खरी वेळ दाखवी, दुसरी पाणचक्कीला जोडलेली. नदीला पाणी कमी, चक्की मंद, तर गिरणीची वेळही मंद. तिचे तास भरेपर्यंत कामगाराने थांबायचं. नदीची तूटही माणसाने भरून द्यायची!

पण घड्याळ खरं असलं तरी निरीक्षकाला काही कळत नसे, आणि हे जरा उलगडून सांगायला हवं. १८३३ च्या कायद्याप्रमाणे मुलाचे ९ तास पहाटे साडेपाच ते रात्री साडेआठ या पंधरा तासांत कुठेही बसवता येत. निरीक्षक दुपारी तीनला पोचला. समोर दहा वर्षांची मुलगी धागे सांधते आहे. ती साडेपाचला आली असेल तर कायदा मोडला. अकराला आली असेल तर नाही मोडला. विचारावं तर मुकादम शेजारीच उभा. वही पाहावी तर ती मालकाच्या कारकुनाने लिहिलेली. पाळ्यांची अशी अदलाबदल ठेवली की शंभर मुलांपैकी कोण कधी आलं हे खुद्द देवालाच माहीत. पहिल्या दहा वर्षांतल्या निरीक्षकांच्या अहवालांत हीच हतबलता पुन्हा पुन्हा येते.

त्यात त्यांच्या हाताखालच्या साहाय्यकांना यंत्रं चालतात त्या खोल्यांत मालकाच्या परवानगीशिवाय जाण्याचा अधिकारच नव्हता. दारावर थांबायचं, परवानगी येईपर्यंत आतली लहान मुलं मागच्या जिन्याने बाहेर.

खटला उभा राहिलाच तर दंड १ पौंडापासून. मॅजिस्ट्रेट बहुधा तळाचाच आकडा निवडत. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या पाळ्या वाढवून त्याच्या कित्येक पट नफा होत असेल, तर दंड हा मालकाच्या दृष्टीने कच्च्या मालासारखा एक खर्च. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: मोठे, शहरातले, वाफेवर चालणारे काही मालक स्वतःहून निरीक्षकांच्या बाजूने होते. ते कायदा पाळत, आणि डोंगरातला पाणचक्कीवाला लपूनछपून पाळत नसे, तर बाजारात त्याचं सूत स्वस्त पडे. प्रामाणिक मालकाला कडक निरीक्षक हवा असतो, हे हॉर्नर यांनी लवकर ओळखलं आणि त्याचा उपयोग करून घेतला.

शाळेचं काय झालं? रोज दोन तास शाळा झाली म्हणून गुरुजींचा दाखला लागायचा. दाखले येऊ लागले, पण त्यांवर सहीच्या जागी फुली. म्हणजे गुरुजींनाच लिहिता येत नव्हतं. कुठे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा माणूस गुरुजी झाला होता, आणि एका निरीक्षकाला तर मुलं खरोखर कोळशाच्या कोठीत बसवलेली सापडली. त्याने तो दाखला नाकारला. पण शाळा बांधायची जबाबदारी कायद्याने कुणावरच टाकलेली नसल्याने, नाकारून पुढे काय, हा प्रश्न राहिलाच.

१८४४ चा कायदा मला या सगळ्या कहाणीतला सगळ्यात शहाणा वाटतो, कारण तो निरीक्षकांच्या अकरा वर्षांच्या ठेचांमधून लिहिला गेला. त्यात एक पाऊल मागे होतं: किमान वय नऊवरून आठ केलं. तडजोड म्हणून. पण मुलांचे तास साडेसहावर आणले आणि रोज तीन तास शाळा. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. 'हाफ-टायमर' हा शब्द इथून रुळला.

आणि मग ते कलम, ज्याने तीन वाजताचं कोडं सुटलं. दुपारी बाराच्या आधी ज्या मुलाने काम केलं त्याला त्याच दिवशी एकनंतर लावायचं नाही. बस्स, एवढंच. आता निरीक्षकाला तास मोजायची गरज नाही, वही वाचायची गरज नाही. सकाळी दहाला एक फेरी मारायची, चेहरे लक्षात ठेवायचे, दुपारी तीनला पुन्हा यायचं. तेच पोर दिसलं की गुन्हा सिद्ध. बाकीच्यांचे तासही, गिरणीत सकाळी जे पहिलं मूल कामाला लागेल त्याच्या वेळेपासून सगळ्यांचे मोजायचे, असं ठरवलं. कायद्याने "किती तास" हा प्रश्न सोडून "कोणत्या वेळी" हा प्रश्न धरला, कारण तासांची बेरीज लपवता येते आणि दुपारचे तीन वाजलेले लपवता येत नाहीत.

घड्याळही मालकाच्या हातातून काढलं. गिरणीची वेळ जवळच्या सार्वजनिक घड्याळाप्रमाणे चालायची, निरीक्षक सांगेल त्या. दाखला देणारे डॉक्टर निरीक्षकाने नेमायचे. गुरुजींनी दाखला स्वतःच्या हाताने लिहायचा, आणि अडाणी गुरुजीला निरीक्षक बाद करू शकेल. साहाय्यकांना थेट आत शिरायचा हक्क. मुलांनी चालू यंत्राखाली झाडलोट करायची नाही. कायद्याचा सारांश गिरणीत टांगायचा. पुढे आणखी एक नियम पक्का झाला: यंत्रं चालू असताना आत सापडलेलं मूल कामावरच आहे असं धरायचं, नसल्याचं मालकाने सिद्ध करावं. "आईचं जेवण घेऊन आलाय" या उत्तराचा जोर त्याने गेला.

यानंतरही मालकांनी वाटा शोधल्या. मोठ्या मुलांच्या आणि बायकांच्या पाळ्यांवरून १८५० साली वरच्या कोर्टात मालक जिंकले, मग पार्लमेंटला पुन्हा कायदा करून कामाचा दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा बांधावा लागला. त्यातून लहान मुलं निसटली, ती १८५३ मध्ये आत घेतली. असं एकेक भोक बुजवत गेले.

आता मुंबई.

ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. वीस वर्षांत गिरणगाव उभं राहिलं, आणि त्यात पोरं होतीच. रिकामी बॉबिनं काढणारी, भरलेली उचलणारी, धागे सांधणारी. १८७५ साली मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, आणि मुंबईचे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी जीव तोडून खटपट केली. विरोध मात्र मोठा होता, आणि त्याला कारणही होतं. हिंदुस्थानात कायदा व्हावा म्हणून सगळ्यात मोठा गलका मँचेस्टरचे गिरणीवाले करत होते, ज्यांना मुंबईचं स्वस्त सूत डोळ्यांत सलत होतं. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक वर्तमानपत्रांना हा लँकेशायरचा डाव वाटला. डाव होताही. पण पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत चातीपाशी उभं असणारं सात वर्षांचं पोरही खरं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे ज्यांनी ओळखलं त्यांत 'दीनबंधू' या वर्तमानपत्राचे नारायण मेघाजी लोखंडे होते. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला हा माणूस गिरणी आतून ओळखत होता.

१८८१ च्या पहिल्या कायद्याने सात वर्षांखाली बंदी घातली आणि सात ते बारा वयाला ९ तास ठेवले, तेही शंभर किंवा जास्त माणसांच्या कारखान्यात. तपासणीचं काम कलेक्टर कचेरीकडे, जिथे ते जमीन महसुलापासून दारूच्या परवान्यापर्यंतच्या कामांच्या ढिगात पडलं. १८८२ मध्ये इंग्लंडहून मीड-किंग नावाचे कसलेले निरीक्षक काही महिन्यांसाठी मुंबईला आणले गेले. इंग्लंडने जे १८०२ ते १८३३ मध्ये शिकून घेतलं होतं, की पूर्णवेळ निरीक्षक नसेल तर कायदा नसल्यासारखा, ते इथे पहिल्यापासून गिरवावं लागलं. लोखंड्यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेतल्या, पाच हजारांवर सह्या-अंगठ्यांचा अर्ज सरकारच्या कारखाना आयोगापुढे ठेवला. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ, नऊ ते चौदाला ७ तास.

वयाचं कोडं मात्र इथे जास्तच बिकट. जन्मनोंदणी नावापुरती, आई कोकणातल्या गावी बाळंत झालेली, वय सांगायचं ते "तात्यांच्या लग्नाच्या साली" असं. डॉक्टर पुन्हा दातांकडे वळले. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगापर्यंत दिसून आलं की देशभर चौदाखालच्या मुलांना सर्रास मोठ्यांत घालून पूर्ण दिवस राबवलं जातं. अहमदाबादेत पुढे मुलं दोन दाखले बाळगू लागली: सकाळी एका नावाने एका गिरणीत अर्धा दिवस, दुपारी दुसऱ्या नावाने दुसऱ्या गिरणीत अर्धा दिवस. एका दिवशी दोन कारखान्यांत एकच मूल चालणार नाही, असं कलमच घालावं लागलं. ही युक्ती इंग्लंडमध्ये फारशी चालली नसती, कारण तिथे उरलेला अर्धा दिवस शाळेने धरून ठेवलेला होता. १८८० पासून तर पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीचीच झाली, आणि शाळेच्या हजेरीपटाने ते काम केलं जे चार निरीक्षकांना घोड्यावर बसून जमलं नव्हतं. मूल रोज सकाळी कुठे असायला हवं हे गावाला माहीत झालं.

आपल्याकडे तो उरलेला अर्धा दिवस मोकळा होता. मार्च १९११ मध्ये इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलने, म्हणजे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने, नवा कारखाना कायदा मंजूर केला. कापडगिरण्यांत मुलांना सहाच तास, आणि वयाचा दाखला लागणार. त्याच महिन्यात, त्याच सभागृहात, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते पुढच्या वर्षी मतांना टाकलं गेलं. बाजूने १३, विरुद्ध ३८.